‘फ्री चेकअप’चा बोर्ड मी का उतरवायला लावला



आज एक चूक कबूल करायची आहे, आणि ती माझी आहे. गेली काही वर्षं मी प्रत्येक बॅचला एक गोष्ट ठासून सांगत आले. दुकान उघडताय ना, मग दारावर काहीतरी फ्री ठेवा. लोक फ्रीसाठी आत येतात आणि पैसे देऊन बाहेर जातात. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सांगितलं, पहिलं फिटिंग फ्री. एसीवाल्याला सांगितलं, फ्री तपासणी. आणि कर्वेनगरात गॅरेज टाकणाऱ्या एका मुलाला सांगितलं, "अरे, रस्त्यावरून दिसेल असा मोठा बोर्ड लाव, 'फ्री चेकअप'." त्याने लावला. पिवळ्यावर लाल अक्षरांत, चांगला आठ फुटी.

त्याच बोर्डाखाली माझी स्वतःची गाडी उभी राहिली, आणि तिच्या पुढच्या चाकाच्या हबने माझा सल्ला किती कच्चा होता ते दाखवून दिलं. तुमच्यातल्या ज्यांना गॅरेजशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचा, कारण मोबाइल दुरुस्ती, वॉटर प्युरिफायर, शिलाई मशीन, सगळीकडे हाच घोटाळा आहे.

गाडीबद्दल आधी. माझ्याकडे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आहे, २०१४ ची. दिसायला घरगुती, पण आत १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी. ही गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात बनायची. पोलो भारतात २०१० मध्ये आली, जीटी टीएसआय २०१३ मध्ये आणि २०२२ मध्ये पोलो बंद झाली. तिकडे रांजणगावला फियाटने २०१५ मध्ये पुंटोची अबार्थ काढली होती, तीही बंद. म्हणजे पुण्याच्या आजूबाजूलाच जन्मलेल्या या जोरकस छोट्या गाड्या आज वॉरंटीबाहेर आहेत, मालकांचा जीव त्यांच्यात अडकलेला आहे, आणि शोरूमचं बिल बघून ते गल्लीतला चांगला माणूस शोधत असतात. बंद पडलेलं मॉडेल ही छोट्या गॅरेजवाल्यासाठी संधीच असते. हे मी त्या मुलाला सांगितलं होतं आणि हे मात्र अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं.

मुलगा हुशार. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स, मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं, मग स्वतःचं शेड. नाव देत नाही, त्याने हे लिहायला परवानगी दिली आहे, पण नावाशिवाय.

पावसाळ्यात माझ्या गाडीला आवाज यायला लागला. घूंऽऽ असा. साठच्या वर गेलं की सुरू, ऐंशीला मोठा. वारज्याहून हायवेला लागून चांदणी चौकाकडे निघालं की गाणी ऐकायला यायची नाहीत. मी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने गल्लीत एक फेरी मारली, गाडी जॅकवर घेतली, पुढची दोन्ही चाकं हाताने फिरवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, पुढचा उजवा हब गेलाय. बेअरिंग बदलावं लागेल."

सगळं मिळून सात-आठ मिनिटं. फ्री.

बिल झालं ६,४०० रुपये. बेअरिंग ३,२००, नवीन एक्सल नट २५०, मजुरी २,९५०. तो आणि त्याचा पोऱ्या पाच तास राबले होते. मी पैसे दिले, गाडी घेतली, हायवेला गेले. घूंऽऽ. तोच आवाज, तिथेच.

फोन केला तर म्हणाला, "मॅडम, नवीन बेअरिंग आहे, सेट व्हायला थोडा वेळ लागतो."

असं काही नसतं. नवीन बेअरिंग पहिल्या किलोमीटरपासून गप्प असायला हवं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

हब म्हणजे काय आणि तो बदलताना काय होतं

थोडं यंत्राकडे वळू, कारण धंद्याचं गणित इथेच दडलंय.

चाक ज्या चकतीवर बोल्टने बसतं तो हब. हब फिरतो, पण ज्या लोखंडी तुकड्यात तो बसलेला असतो, ज्याला गॅरेजमध्ये नकल म्हणतात, तो फिरत नाही. या दोघांच्या मध्ये बेअरिंग. बाहेरची एक रिंग, आतली एक रिंग, मध्ये गोळ्या आणि ग्रीस. गाडीचं वजन, खड्ड्याचा दणका, वळणाचा ताण हे सगळं त्या गोळ्यांवर येतं. जोरकस गाड्यांमध्ये सस्पेन्शन कडक आणि टायरची भिंत बुटकी, त्यामुळे खड्डा जास्त थेट पोचतो. त्यात हौशी मालक रुंद अलॉय किंवा स्पेसर लावतात. चाक बाहेर सरकलं की तरफेसारखा ताण वाढतो आणि बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. अशी गाडी आली तर हे गिऱ्हाईकाला आधी सांगा, नाहीतर वर्षभराने तुमच्याच कामाला नाव ठेवलं जाईल.

सगळ्या गाड्यांत रचना एकसारखी नसते. काहींमध्ये बेअरिंग आणि हब एकत्र येतं आणि चार बोल्टवर बसतं. ते काम सोपं. काहींमध्ये बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवायचं आणि मग हब बेअरिंगमध्ये दाबायचा. त्यासाठी प्रेस लागतो किंवा खास पुलरचा सेट. आणि इथे एक नियम आहे जो कधीच मोडायचा नाही. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा. हब आत दाबताना आतल्या रिंगला खालून टेकू हवा. जोर गोळ्यांमधून गेला तर गोळ्या रिंगला बारीक खोके पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. गाडी बाहेर पडते तेव्हा सगळं छान असतं, मग काही शे किंवा काही हजार किलोमीटरनंतर प्रत्येक गोळी त्या खोक्यावरून जाताना कुरकुरायला लागते.

आमच्या मुलाकडे प्रेस नव्हता. त्याने जुनी रिंग वर ठेवून हातोड्याने ठोकून बसवलं.

बाकीचं त्याने नीट केलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. कॅलिपर काढून ब्रेकच्या पाइपवर लटकत सोडला नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. एबीएसचा सेन्सर गंजून अडकला होता, तो न तोडता काढला. बऱ्याच नव्या गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे, उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा. हेही त्याला ठाऊक होतं. एक्सलचा नट जुना परत वापरला नाही. नट ढिला असताना गाडी चाकांवर उतरवली नाही, कारण त्या अवस्थेत बेअरिंगवर वजन आलं तर ते खराब होतं. पण नट आवळताना टॉर्क रेंच नव्हता, हवेच्या गनने 'टकाटका' करून आवळला. किती आवळायचा हा आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, कारण त्या आवळण्यावर बेअरिंगचा आतला ताण ठरतो. चाकाच्या बोल्टचंही तसंच. पोलोला १२० न्यूटन मीटर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. गनने आवळले तर कुठला किती बसला हे देवालाच माहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. हबचा चेहरा, म्हणजे जिथे डिस्क टेकते तो भाग, घासून स्वच्छ करायचा. गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित वाकडी फिरते आणि थोड्या दिवसांनी ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. गिऱ्हाईक म्हणतो, हब बदलल्यापासून ब्रेक खराब झाले. आणि तो खरंच बोलत असतो.

सप्टेंबरमध्ये

जुलैत काम झालं. सप्टेंबरपर्यंत मी साधारण १,८०० किलोमीटर चालवलं आणि जुन्या घूंऽऽ बरोबर एक नवीन घरघर सुरू झाली. आता दोन आवाज. मी भांडायच्या तयारीने गेले. माझ्याच विद्यार्थ्याशी भांडायचं म्हणून रस्त्यात वाक्यं पाठ केली होती.

तो मला बघून शेडच्या मागे गेला आणि कापडात गुंडाळलेलं एक बेअरिंग घेऊन आला. माझंच, जुलैत काढलेलं. ते काढताना आतली रिंग हबवर अडकून सुटी झाली होती, त्यामुळे आत बघता येत होतं. रिंग आरशासारखी. एक खड्डा नाही, ग्रीस स्वच्छ.

म्हणाला, "मॅडम, हे चांगलं होतं. दुसऱ्या दिवशीच कळलं मला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"काय बोलणार? चुकलं म्हटलं तर ६,४०० परत द्यावे लागतात, बेअरिंगवाला खोललेला माल परत घेत नाही. त्या आठवड्यात भाडं द्यायचं होतं." मग थोडं थांबून, "आणि मॅडम, नीट बघायला हायवेला जावं लागतं. पाऊण तास जातो. बोर्डवर फ्री लिहिलंय. फ्रीमध्ये पाऊण तास कसा घालू? तुम्हीच सांगितलं होतं ना, फ्री ठेव, मग कामात काढ."

पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली.

त्याच्या जागी बसून हिशेब बघा. माझ्या गाडीत त्याने खरं उत्तर शोधलं असतं तर त्याला किती मिळाले असते? शून्य. चुकीचं उत्तर दिल्यावर किती मिळाले? बेअरिंग त्याला २,४५० ला पडलं होतं, म्हणजे त्यात ७५० सुटले, आणि मजुरी २,९५०. एकूण ३,७००. बरोबर उत्तराला शून्य आणि चुकीच्या उत्तराला ३,७००. ही रचना त्याची नव्हती, मी त्याला करून दिली होती. माणूस प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच नंतरचा. भाड्याच्या आठवड्यात अशा रचनेत उभा केलेला कुठलाही प्रामाणिक माणूस पार्ट बदलण्याकडेच झुकणार, आणि स्वतःलाही पटवून देणार की बेअरिंगच गेलं असेल.

म्हणून मी आता सगळ्या बॅचला उलटं सांगते. तपासणीचे पैसे घ्या. वेगळे घ्या, आधी सांगून घ्या, बिलात वेगळ्या ओळीवर लिहा.

पाऊण तासात काय केलं

त्या दिवशी आम्ही गाडी घेऊन हायवेला गेलो. मी चालवली, तो बाजूला बसला, मग मागे बसला. रस्ता मोकळा बघून ऐंशीच्या वेगाने त्याने मला हलकेच डावीकडे, मग उजवीकडे लेन बदलायला लावली. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून उजवं बेअरिंग खराब असेल तर आवाज वाढतो. घरघर वाढली. म्हणजे उजवं पुढचं बेअरिंग आता खरंच गेलं होतं, ठोकून बसवल्यामुळे. पण जुना घूंऽऽ आवाज वळणावर हललाच नाही. एकसारखा. आणि मागे बसल्यावर त्याला तो जास्त ऐकू आला.

शेडमध्ये परत. गाडी वर घेतली, खाली घोड्या लावल्या. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंग असेल तर स्प्रिंगमधून थरथर हाताला लागते. उजवीकडे लागली, डावीकडे नाही. मग चाक वर-खाली धरून हलवून खेळ आहे का बघितलं. मग मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत. वर मध्येच खोलगट भाग. मागचे शॉक ॲब्जॉर्बर थकले होते, टायर कधी पुढे-मागे अदलाबदल केले नव्हते. टायर नांगरासारखे रस्ता खरवडत होते.

खात्री करायला त्याने मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावले, त्याच त्याच बाजूला ठेवून. पुन्हा हायवे. घूंऽऽ आता पुढून येत होता. संपला विषय. माझ्या गाडीचा मूळ आजार मागचे दोन टायर होते, आणि आम्ही पुढचा एक चांगला हब उपसून त्यात नवा आजार घातला होता.

हे सगळं करायला साधारण पाऊण तास लागला, अदलाबदल धरून तासभर. कुठलंही महागडं मशीन नाही. जॅक, घोड्या, हात आणि कान. जुलैत हे झालं नाही याचं कारण ज्ञान नव्हतं असं नाही. कर्वेनगरच्या गल्लीत चाळीसच्या वर गाडी जात नाही, त्यामुळे साठचा आवाज त्याने ऐकलाच नव्हता, आणि तो ऐकायला जाण्याचे पैसे कोणी देत नव्हतं.

पाचशे कुठून आले

फी किती घ्यायची याचा हिशेब आम्ही शेडमध्येच, बिलबुकाच्या मागच्या पानावर केला. शेडचं भाडं २२,०००, पोऱ्याचा पगार १५,०००, वीज आणि किरकोळ ३,०००, त्याचा स्वतःचा पगार ३५,०००. तो स्वतःचा पगार धरतच नव्हता. "उरलं ते माझं" असं म्हणायचा, आणि हे तुमच्यातले निम्मे लोक म्हणतात हे मला ठाऊक आहे. एकूण ७५,०००. महिन्याला पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. त्यातले पन्नास तरी पार्ट आणायला नाना पेठेत जाण्यात, गिऱ्हाईकाची वाट बघण्यात जातात. उरले १५०. म्हणजे तासाला ५०० रुपये आले तर तो फक्त तरंगतो. मग तपासणीची फी पाचशे. हवेतला आकडा नाही, त्याचा तासाचा खर्च आहे.

तुम्ही म्हणाल, मॅडम, पुण्यातलं गिऱ्हाईक नुसतं बघायचे पैसे देईल? देत नाही, हे मी मान्य करते. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त लोक "पाचशे? नुसते बघायचे?" म्हणून गाडी वळवून निघून गेले. तो माझ्यावर चिडला होता. मी त्याला एवढंच म्हटलं की जे गेले त्यांच्याकडून तुला काय मिळणार होतं ते वहीत लिही. हवा, पाण्याची बाटली, आणि पार्ट बाहेरून आणून "तुम्ही फक्त लावून द्या" म्हणणारे. या शेवटच्या जातीबद्दल माझं मत कडक आहे. गिऱ्हाईकाने आणलेलं बेअरिंग लावायचं असेल तर बिलावर लिहा की मजुरीची गॅरंटी तुमची, पार्टची नाही, आणि सही घ्या. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांचे नकली बॉक्स फिरतात. एसकेएफचा कारखाना इथे चिंचवडला आहे, तरी त्या कंपनीला असली-नकली ओळखायला 'ऑथेंटिकेट' नावाचं ॲप काढावं लागलंय, बॉक्सचे फोटो पाठवून खात्री करता येते. तुम्ही स्वतः माल आणता तेव्हाही वापरा.

एका मुद्द्यावर आमचं अजून पटलेलं नाही. मी म्हणते, फी बिलातून वजा करू नकोस. "काम इथेच केलंत तर चेकअप फ्री" असं म्हटलं की आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. निदानाची किंमत परत शून्य आणि पार्ट विकायची घाई परत सुरू. तो म्हणतो, गिऱ्हाईकाला काहीतरी सूट लागते मॅडम, आणि अडीचशे वजा करतो. धंदा त्याचा आहे.

प्रेसबद्दलही सांगते, कारण तुमचा पहिला उत्साह मशीन घेण्याचा असतो. चूक कळल्यावर तो प्रेस घ्यायला निघाला होता. प्रेस ३२,००० आणि त्याचे ठोकळे-पुलर १२,०००, असे ४४,०००. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, त्यात बसतंय असं त्याचं म्हणणं. बसतं. पण हबची अशी कामं महिन्याला दोन. जवळच्या लेथवाल्याकडे प्रेस आहे, तो एका बेअरिंगचे ४०० घेतो. महिन्याला ८००, वर्षाला ९,६००. मशीनचे पैसे वसूल व्हायला साडेचार वर्षं, तीही व्याज सोडून. मी म्हटलं, प्रेस नको, आधी दोन टॉर्क रेंच घे, एक छोट्या मापाचा आणि एक मोठ्या. ते रोज लागतात. आणि नकल लेथवाल्याकडे पाठवशील तेव्हा पोऱ्याच्या हाती पाठवू नकोस, स्वतः जाऊन समोर उभा राहा. लेथवाल्याला कुठल्या रिंगवर जोर द्यायचा हे सांगणं तुझं काम आहे, कारण आवाज आला तर गिऱ्हाईक तुझ्याकडे येणार.

बिलाबद्दल दोन गोष्टी, पटकन. एक, जीएसटीची मर्यादा. पार्ट आणि मजुरी दोन्ही देणाऱ्या गॅरेजला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि उलाढाल म्हणजे पार्टसकट पूर्ण बिल. आमचा मुलगा फक्त मजुरी मोजत होता आणि "मी तर दहा लाखांतही नाही" म्हणत होता. महिन्याची सगळी बिलं जोडली तर १,६०,००० भरली, वर्षाची १९,२०,०००. काठावर उभा होता आणि त्याला पत्ताच नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुने दर डोक्यात ठेवून कोटेशन देऊ नका. दुसरी गोष्ट, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित प्रथा धरली आहे, आणि गिऱ्हाईकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं ही सेवेतली त्रुटी. "सेट व्हायला वेळ लागतो" हे वाक्य नेमकं कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा. काढलेला जुना पार्ट नव्या पार्टच्या बॉक्समध्ये घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्या, त्याने मागितला नसला तरी.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं? उजवं बेअरिंग त्याने पुन्हा बदललं, स्वतःच्या खर्चाने, लेथवाल्यासमोर उभं राहून. नट टॉर्क रेंचने. जुलैच्या बिलाचे पैसे परत द्यायला काढले. मी बेअरिंगचे ३,२०० घेतले, मजुरी घेतली नाही. चुकीचा सल्ला माझा होता आणि त्या सल्ल्याची फी मी त्याच्याकडून बॅच सुरू होतानाच घेतली होती.

आठ फुटी बोर्ड उतरवून तिथे छोटा पांढरा लावलाय. 'तपासणी ५०० रु. टेस्ट ड्राइव्हसह. काय बिघडलंय ते लिहून मिळेल.' पिवळा बोर्ड शेडमागे पावसात पत्र्याखाली लावलाय, गळतं तिथे.

मागचे दोन टायर आणि शॉक ॲब्जॉर्बर मी शेवटी बदलले. टायरचं बिल टायरवाल्याकडे गेलं. शॉकचं काम त्याच्याकडेच झालं, पण टायरच्या त्या शोधातून त्याला पाचशे रुपयेच मिळाले, आणि ते घेताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी सुटे दिले नाहीत, पाचशेची एक नोट दिली आणि पावती मागितली.